इथेनॉलमिश्रित पेट्रोल आणि इंजेक्टरची निगा

उसाच्या फडापासून मोटारीच्या टाकीपर्यंत होणारा इथेनॉलचा प्रवास महाराष्ट्राला नवा नाही. पेट्रोलमध्ये पाच टक्के इथेनॉल मिसळण्याचे पथदर्शी प्रयोग २००१ साली देशात हाती घेण्यात आले, तेव्हा मिरज आणि मनमाड या दोन ठिकाणांचा त्यात समावेश होता. जानेवारी २००३ मध्ये नऊ राज्ये आणि चार केंद्रशासित प्रदेशांत हा कार्यक्रम सुरू झाला. जून २०२२ मध्ये देशाने दहा टक्के मिश्रणाचा टप्पा पार केला. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी बंगळूर येथे वीस टक्के मिश्रणाच्या इंधनाच्या विक्रीचा शुभारंभ झाला आणि २०२५ साली वीस टक्क्यांचे उद्दिष्टही गाठले गेले. उसाचा रस, मळी, मका आणि तांदूळ यांपासून तयार होणारे हे इंधन आज खेडोपाडीच्या पेट्रोल पंपांवर पोहोचले आहे.

इंधन पोहोचले, तशी शंकाही पोहोचली. मोटार सकाळी लवकर सुरू झाली नाही, चढावर धक्के देऊ लागली, की दोष इथेनॉलच्या माथी मारला जातो. दुसऱ्या बाजूने, या इंधनाने काहीच बिघडत नाही, असेही छातीठोकपणे सांगितले जाते. ही दोन्ही विधाने अर्धसत्य होत. ज्याने कर्ज काढून जुनी मोटार घेतली, त्या शिक्षकाचा प्रश्न अशा विधानांनी सुटत नाही. ज्या शेतकऱ्याच्या उसाचा भाव काही अंशी या इंधनाच्या खपावर अवलंबून आहे, त्याचेही हित त्यात नाही. लोकांचा विश्वास टिकवायचा असेल, तर बिघाड नेमका कोठे आणि कशामुळे होतो, हे समजून घेतले पाहिजे. हा शोध बहुधा इंजेक्टर नावाच्या एका बोटभर लांबीच्या भागापाशी येऊन थांबतो.

इंजेक्टरचे कार्य

पूर्वीच्या मोटारींत पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण कार्बोरेटर करीत असे. आता ते काम इंजेक्टर करतो. बीएस-६ मानके १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झाल्यावर बहुतेक दुचाकींतही इंजेक्टर आले. त्यामुळे हा विषय केवळ मोटारमालकांचा राहिलेला नाही.

इंजेक्टर म्हणजे विजेच्या वेटोळ्याने उघडणारी एक सूक्ष्म झडप होय. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असताना प्रत्येक इंजेक्टर सेकंदाला सुमारे पंचवीस वेळा उघडतो आणि मिटतो. प्रत्येक वेळी तो सेकंदाच्या काही सहस्रांश एवढाच काळ उघडा असतो. तेवढ्या अवधीत केसासारख्या बारीक छिद्रांतून पेट्रोलचा तुषार फवारला गेला पाहिजे. या छिद्रांच्या कडेला किंचित थर जमला, तरी तुषाराची धार होते. धारेचे पेट्रोल नीट जळत नाही.

यात आणखी एक बारकावा आहे. निर्भेळ पेट्रोलच्या एका भागाला ज्वलनासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, तर इथेनॉलला केवळ ९ भाग लागते. म्हणून तेवढ्याच हवेसाठी मिश्रित इंधन अधिक सोडावे लागते आणि मोटारीतील नियंत्रक यंत्रणा इंजेक्टर थोडा अधिक काळ उघडा ठेवते. अर्धवट चोंदलेला इंजेक्टर पूर्वी कसाबसा निभावून नेत असेल, तर या वाढीव कामात त्याचे दुखणे उघडे पडते. शिवाय चारपैकी एकच इंजेक्टर चोंदला, तर नियंत्रक धुराड्यातील प्राणवायूच्या एकत्रित मापावरून चौघांचेही इंधन वाढवतो. मग एका सिलिंडरला इंधन कमी पडते आणि तिघांना जास्त होते. मोटार धक्के देते ती यामुळे.

घाण येते कोठून?

इथेनॉल स्वतः चिकट थर तयार करीत नाही. त्याचा रेणू लहान आहे आणि ते स्वच्छ जळते. तरीही त्याच्या तीन गुणधर्मांमुळे इंजेक्टरला उपद्रव होऊ शकतो.

पहिला गुणधर्म विरघळवण्याचा. जुन्या टाकीच्या आणि नळ्यांच्या आतील बाजूस वर्षानुवर्षांचा चिकट थर आणि गंज बसलेला असतो. इथेनॉल हा थर सोडवते. सुटलेला साका गाळणीत येतो आणि गाळणी तुंबली किंवा फाटली, की पुढे इंजेक्टरच्या तोंडाशी जातो. म्हणजे येथे इथेनॉल घाण करीत नाही, आधीची घाण जागची हलवते. अधिक मिश्रणाचे इंधन वापरू लागल्यावर जुन्या मोटारीत पहिल्या काही टाक्यांतच तक्रार उद्भवते, तिचे कारण अनेकदा हेच असते.

दुसरा गुणधर्म पाणी ओढून घेण्याचा. निर्भेळ पेट्रोलमध्ये पाणी जवळजवळ मिसळतच नाही, ते तळाशी बसते. दहा टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल सामान्य थंड हवेत सुमारे अर्धा टक्का पाणी सामावून घेते. इथेनॉल वाढले, की ही मर्यादाही वाढते. परंतु ती ओलांडली गेली, तर पाणी इथेनॉलला सोबत घेऊन पेट्रोलपासून विभक्त होते आणि तळाशी वेगळा थर बसतो. पंपाचे तोंड नेमके टाकीच्या तळाशी असते. हा थर इंजेक्टरपर्यंत गेला, तर इंजिन अडखळते आणि पोलादी भागांवर गंज चढू लागतो.

तिसरा गुणधर्म काही रबरी व धातूच्या भागांवर परिणाम करण्याचा. इथेनॉलसाठी न बनवलेली रबरी कडी फुगतात किंवा कडक होतात आणि त्यांचे कण सुटतात. ब्राझील देशाने १९७५ साली इथेनॉलचा राष्ट्रीय कार्यक्रम आरंभला. तेथील सुरुवातीच्या मद्यार्कावरील मोटारींना गंजाचा त्रास झाला, तेव्हा उत्पादकांनी धातूच्या भागांवर संरक्षक मुलामा देण्यास सुरुवात केली. २००३ साली तेथे पेट्रोल आणि इथेनॉल कोणत्याही प्रमाणात चालणारी मोटार बाजारात आली आणि ऑगस्ट २०२५ पासून तेथील पेट्रोलमध्ये तीस टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले. इंधनाला अनुरूप वाहन आणि वाहनाला अनुरूप शुद्ध इंधन, या दोन्ही गोष्टी जमल्यावरच हे शक्य झाले.

याखेरीज एक कारण पेट्रोलचेच आहे. गरम इंजिन बंद केल्यावर इंजेक्टरच्या टोकाशी राहिलेला थेंब उष्णतेने आटतो आणि त्यातील जड घटकांचा थर मागे राहतो. दिवसातून दहा वेळा दोन-दोन किलोमीटर धावणाऱ्या वाहनाला हा त्रास अधिक होतो. तालुक्याच्या गावी कार्यालयीन कामासाठी फिरणारी अनेक वाहने याच प्रकारची असतात.

खरा दोष आणि भासणारा दोष

इथेनॉलमध्ये त्याच आकारमानाच्या पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश इतकीच ऊर्जा असते. म्हणून वीस टक्के मिश्रणावर लिटरमागे अंतर थोडे घटणे स्वाभाविक आहे. नीती आयोगाच्या २०२१ सालच्या अहवालानुसार, निर्भेळ पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि दहा टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकींत ही घट सहा ते सात टक्के, तर दहा टक्क्यांसाठी बनवून वीस टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकींत एक ते दोन टक्के अपेक्षित आहे. एवढ्या घटीसाठी इंजेक्टर खोलून घेणे म्हणजे विनाकारण खर्च होय. परंतु घट याहून बरीच मोठी असेल, उभ्या मोटारीचे इंजिन थरथरत असेल, सकाळी सुरू होण्यास वेळ लागत असेल किंवा फलकावरील इंजिनचा दिवा पेटत असेल, तर तपासणी अवश्य करावी. तशीच मोटार दामटल्यास न जळलेले पेट्रोल धुराड्यातील शुद्धीकरण यंत्रात जाऊन तेही निकामी होते, आणि तो खर्च इंजेक्टरच्या सफाईहून कितीतरी मोठा असतो.

निगेचे साधे नियम

प्रथम वाहनासोबतची पुस्तिका किंवा टाकीच्या झाकणावरील सूचना पाहावी आणि किती टक्के मिश्रण चालते याची खात्री करावी. देशात एप्रिल २०२३ पासूनची नवी वाहने वीस टक्के मिश्रणाला टिकणाऱ्या भागांची आहेत. त्याआधीच्या वाहनांच्या नळ्या, रबरी कडी व गाळणी नेहमीच्या देखभालीच्या वेळी तपासून घ्याव्यात. जुन्या वाहनात अधिक मिश्रणाच्या पहिल्या काही टाक्या संपल्यावर गाळणी बदलणे, हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी उपाय आहे.

टाकी अगदी रिकामी होईपर्यंत मोटार चालवू नये. तळाचा साका ओढला जातो आणि पेट्रोलमध्ये बुडून थंड राहणारा पंपही तापतो. वाहन दीर्घकाळ उभे ठेवायचे असल्यास टाकी बरीचशी भरलेली असावी, म्हणजे दमट हवेला आत जागा राहत नाही. कोकणातील पावसाळ्यात हे विशेष ध्यानात ठेवावे. शक्यतो महिन्या-दोन महिन्यांत टाकीतील इंधन वापरून संपवावे आणि उभे वाहन आठवड्यातून एकदा इंजिन पुरेसे तापेपर्यंत चालवावे.

टाकीत ओतण्याची सफाईद्रव्ये बाजारात मिळतात. त्यांतील दर्जेदार द्रव्ये नुकताच जमू लागलेला थर काढू शकतात. मात्र ती इथेनॉलमिश्रित पेट्रोलला चालतात व वाहननिर्मात्याला मान्य आहेत, हे पाहूनच आणि सांगितलेल्या प्रमाणातच वापरावीत. टाकीत पाणी किंवा गंज असेल, तर कोणत्याही बाटलीचा उपयोग नाही. रॉकेल ओतणे किंवा तारेने छिद्रे टोकरणे हे प्रकार कटाक्षाने टाळावेत. एकदा छिद्राची कड खरवडली गेली, की तो इंजेक्टर कायमचा गेला. थर घट्ट असल्यास इंजेक्टर काढून ध्वनिलहरींच्या द्रवपात्रात स्वच्छ करावे लागतात, आणि नंतर यंत्रावर प्रत्येकाचा प्रवाह व फवारा तपासावा लागतो. हे काम माहीतगार मेकॅनिककडूनच करून घ्यावे, कारण इंधननळीत दाब असतो आणि आगीचा धोका असतो. सफाईनंतर रबरी कडी नवी बसवावीत आणि इंजेक्टरमधील बारीक जाळीही तपासावी.

जबाबदारी साखळीची

वाहनधारकाने सर्व पथ्ये पाळली, तरी पंपाच्या भूमिगत टाकीत पाणी शिरले असेल तर त्याचा इलाज चालत नाही. म्हणून ही स्वच्छता डिस्टिलरी, साठवणूक केंद्र, टँकर आणि पंप या सर्वांची आहे. पंपावर गाळणकागदाची चाचणी आणि घनतेची नोंद पाहण्याचा ग्राहकाला अधिकार आहे. गाळणकागदावर जड भेसळ कळते, पाणी कळत नाही, हेही लक्षात ठेवावे. अतिवृष्टीनंतर भूमिगत टाकीतील पाण्याची तपासणी झाली का, हे पंपचालकास विचारावे. एकाच पंपावर इंधन भरलेली अनेक वाहने एकाच वेळी बंद पडली, तर पावती जपून संबंधित तेल कंपनीकडे व पुरवठा कार्यालयाकडे लेखी तक्रार करावी.

ग्रामपंचायतींनाही यात कार्य आहे. गावातील टपरीवर बाटल्यांतून विकले जाणारे पेट्रोल किती दिवसांचे आहे, त्यात पाणी किती आणि भेसळ किती, हे कोणीच सांगू शकत नाही. ते आगीलाही निमंत्रण असते. अशी विक्री थांबवणे, हे गावातील प्रत्येक दुचाकीच्या इंजेक्टरचे रक्षण होय. कार्यालयप्रमुखांनी शासकीय वाहनांच्या नोंदवहीत गाळणी बदलल्याची तारीख आणि लिटरमागील अंतर नियमित लिहून घेतले, तर दोष वेळीच कळेल आणि अफवेला आकड्यांनी उत्तर देता येईल. विज्ञान शिक्षकांना तर पाणी, मद्यार्क आणि तेल यांचे परस्परसंबंध शिकवण्यास याहून जवळचे उदाहरण मिळणार नाही.

शेतातून आलेल्या या इंधनाचे यश किती लिटर मिसळले यावरच मोजले जाणार नाही. ते इंधन पाण्यावाचून, साक्यावाचून त्या बारीक छिद्रापर्यंत पोहोचते की नाही, यावरही ते ठरणार आहे. गाळणी वेळेवर बदलणारा वाहनधारक आणि टाकीचा तळ रोज तपासणारा पंपचालक हे दोघेही या कार्यक्रमाचे खरे भागीदार आहेत.