पाचोळ्याचे मोल



जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला आपण सगळेच जातो. घरी परतलो की अंगणातल्या कडुनिंबाचा पाचोळा झाडतो आणि पेटवून देतो. त्याच पाचोळ्यातून काम काढणाऱ्या एका भौतिकशास्त्रज्ञाबद्दल आज बोलायचे आहे.

डॉ. सतीशचंद्र ओगले पुणे विद्यापीठात शिकले, तिथेच त्यांनी शिकवले. पुढे काही वर्षे अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठात संशोधन करून ते पुण्याला परतले. आधी राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, नंतर आयसरमध्ये. त्यांचा विषय नॅनो पदार्थ. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा शंभर कोटीवा भाग.

२०१३ साली त्यांनी व सहकाऱ्यांनी कडुनिंबाच्या वाळल्या पानांची पूड तापवून कोळसा केल्याचे प्रसिद्ध केले. त्या कोळशाला इतकी सूक्ष्म छिद्रे, की एका ग्रॅमचे पृष्ठफळ सुमारे १२३० चौरस मीटर भरले. चिमूटभर कोळसा, आणि पसरला तर पाव एकराहून जास्त! सुपरकपॅसिटर वीज पृष्ठभागावर साठवतो. म्हणून जागा जितकी जास्त, तितकी साठवण जास्त. अशी छिद्रे पाडायला एरवी वेगळी रसायने लागतात. इथे ते काम पानातल्याच घटकांनी केले.

मला भावली ती त्यांची पद्धत. त्यांनी अशोकाची पाने तपासली, हिरवी पाने तपासली, न दळलेली पानेही तपासली. मग फरक सांगितला.

आता माझी कबुली. आयआयटी मुंबईच्या संशोधकांना होमिओपॅथीच्या काही औषधांत धातूंचे नॅनो कण आढळले, असे २०१० मध्ये छापून आले. मी आनंदाने ते कात्रण दवाखान्यात लावले. एम.एस्सी. करणारी भाची म्हणाली, "मामा, कण सापडले. पण त्या कणांनी रोगी बरा झाला, हे कुणी मोजले?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. चाळीस वर्षांच्या डॉक्टरकीत असा प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता. चार दिवस राग धरला, मग कात्रण काढले.

आपण मुलांना डॉक्टर, इंजिनिअर व्हा म्हणतो. एखाद्याला भौतिकशास्त्र शिकावेसे वाटले, तर "त्यात काय ठेवले आहे?" असे विचारू नका. आपल्या अंगणातल्या पाचोळ्यात काय ठेवले आहे, हे तोच कदाचित मोजून सांगेल. आणि त्याने घरातल्या वडीलधाऱ्यांना अडचणीचा प्रश्न विचारलाच, तर रागावू नका. मी रागावलो होतो. चूक माझी होती.