नऊ जणांतून तीन जण

(हिंजवडी येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



येथून जवळच राजीव गांधी इन्फोटेक पार्कच्या इमारती उभ्या आहेत. आपल्या मुलाला वा मुलीला त्यांतल्या एखाद्या कचेरीत नोकरी मिळावी, ही तुमची इच्छा मी जाणतो. पण नोकरीच्या आधी बहुधा लेखी परीक्षा असते, आणि अशा परीक्षांत नेहमी दिसणारा एक प्रश्न आज तुमच्यापुढे मांडतो. पाच मुलगे आणि चार मुली आहेत. त्यांतून तिघांची समिती नेमायची. तीत निदान एक मुलगी हवी. अशा किती समित्या होतील?

उत्तराची घाई करू नका. आधी हे पाहा, की नऊ जणांतून अध्यक्ष, चिटणीस व खजिनदार नेमायचे असतील तर 9 × 8 × 7, म्हणजे 504 प्रकार होतात. येथे कोण कोणत्या पदावर आहे याला महत्त्व आहे. पण नुसते तीन सभासद हवे असतील, तर त्याच तिघांच्या सहा मांडण्या म्हणजे एकच समिती. म्हणून 504 ला 6 ने भागायचे, 84 येतात. पहिला क्रमचय, दुसरा समचय. विद्यार्थी सूत्रे पाठ करतात, पण कोणते कोठे लावायचे येथे अडतात.

ही विद्या परकी नाही. भास्कराचार्यांनी 1150 च्या सुमारास लिहिलेल्या ‘लीलावती’त सहा रसांचे उदाहरण आहे. गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट यांतून एक, दोन, तीन असे रस घेऊन किती मिश्रणे होतात? रीत अगदी सोपी. सहाला 1 ने भागा, 6. त्याला 5 ने गुणून 2 ने भागा, 15. मग 4 ने गुणून 3 ने भागा, 20. पुढे 15, 6 आणि 1. बेरीज 63. अम्मींना स्वयंपाकघरात हा हिशेब विचारून पाहा! भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांच्या नातवाने मठ स्थापला, त्याचा 1207 चा शिलालेख आपल्याच जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळ पाटण येथे सापडला. पुढे अकबर बादशहाच्या आज्ञेवरून फैजीने 1587 मध्ये ‘लीलावती’ फारसीत आणली. आणि तिकडे माराकेशमध्ये इब्न मुनइम यांनी, तेराव्या शतकाच्या आरंभी, दहा रंगांच्या रेशमातून किती प्रकारचे गोंडे होतील याचा हिशेब मांडला होता.

आता आपला प्रश्न. एका वर्गात मी तो फळ्यावर असा सोडवला: आधी चार मुलींतून एक घ्या, मग उरलेल्या आठांतून कोणतेही दोन. 4 × 28 = 112. सर्वांनी वहीत उतरवून घेतले. मागच्या बाकावरची एक दहावीची मुलगी उठली व म्हणाली, “सर, सगळ्या समित्या मिळून 84 च आहेत ना?”

मी खडू खाली ठेवला. चूक माझी होती. दोन मुली असलेली समिती मी दोनदा मोजली होती, तीन मुलींची तीनदा. तिने पुढे येऊन उलट वाट धरली. केवळ मुलग्यांच्या समित्या 10. त्या 84 तून वजा केल्या, 74. मग पडताळाही केला: एक मुलगी असलेल्या 40, दोन असलेल्या 30, तीन असलेल्या 4.

त्या संध्याकाळी तिचे अब्बा तिला न्यायला आले. दहावीनंतर हिला पुढे शिकवण्याचा विचार नाही, असे त्यांनी मला सांगितले. मी फळा पुसला नव्हता. सरांचे 112 कोणते आणि मुलीचे 74 कोणते, ते त्यांना दाखवले. ते बराच वेळ फळ्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी मला एवढेच विचारले, की अकरावीचे अर्ज कधीपासून मिळतात.