चाणक्य लढत नाही, मग त्याचं करायचं काय?

आज खेळाबद्दल बोलू, पण खेळाच्या पोटातल्या भागाबद्दल. झिरो ए.डी. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी खेळलेला असेल. फुकट आहे, 2009 पासून त्याचा सोर्स कोड खुला आहे, आणि आपल्या दृष्टीनं मुख्य म्हणजे त्यात मौर्य आहेत. युनिटची माहिती एक्सएमएल फायलींत असते, हिरोचा प्रभाव जेसनमध्ये. साधा टेक्स्ट एडिटर उघडून साम्राज्य बदलता येतं. गेले काही महिने शनिवार-रविवारी मी तेच करतोय, मौर्यांचा एक मॉड.

मौर्यांना तीन हिरो: चंद्रगुप्त, अशोक आणि चाणक्य. एका वेळी एकच ठेवता येतो. आता तुम्हीच सांगा, समोरून रोमन फौज येतेय, तर हत्तीवरचा चंद्रगुप्त घ्याल की निःशस्त्र आचार्य? आमच्या ग्रुपमध्ये चाणक्याला कोणी हातच लावत नाही. ज्याच्या नावावर अर्थशास्त्र आहे तो माणूस अर्थकारणाच्या खेळात बेरोजगार! (ग्रंथ खरंच त्याचाच का, यावर विद्वानांचे वाद आहेत. गेमपुरतं चालवून घेऊ.)

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे चाणक्याच्या आसपास काम करणाऱ्यांचा वेग 10 टक्के वाढवायचा. ऐकायला बरं वाटतं. पण जरा हिशोब करू. समजा एक माणूस सेकंदाला 0.75 लाकूड तोडतो आणि 20 झालं की कोठारात टाकायला जातो. तोडायला 27 सेकंद, जाण्यायेण्यात 10. म्हणजे फेरी 37 सेकंदांची. वेग 10 टक्के वाढवला तर तोडणं 24 वर येतं, चालणं तेवढंच राहतं. हाती आला फायदा 7-8 टक्के. आता मौर्यांचा कामगार हत्ती घ्या. हे त्यांचं खास युनिट, चालतंफिरतं कोठार. तो झाडांच्या शेजारी उभा केला की 10 सेकंदांचे 2 होतात आणि फेरी 29 वर येते. हा फायदा 27-28 टक्के. म्हणजे एक मुका हत्ती आचार्यांपेक्षा तिप्पट कामाचा! परफॉर्मन्स ट्युनिंग केलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. अल्गोरिदम घासत बसतो आपण, आणि वेळ खरा जातो डेटा इकडून तिकडे नेण्यात.

म्हणून मी चाणक्याला कामाच्या वेगापासून तोडलं आणि हत्तींशी जोडलं. याला ग्रंथातही आधार आहे. र. पं. कंगले यांची अर्थशास्त्राची आवृत्ती मुंबई विद्यापीठानं 1960 पासून छापली. त्यात दुसरं अधिकरण सगळं खात्यांचं आहे: शेतीचा अध्यक्ष, खाणींचा अध्यक्ष, हत्तींचा अध्यक्ष. हत्ती वीस वर्षांचा झाल्यावर धरावा, पिल्लू आणि गाभण हत्तीण धरू नये, हत्ती मारणाऱ्याला देहदंड. अक्षरशः रिसोर्स मॅनेजमेंट.

माझ्या मॉडमध्ये चाणक्य इमारतीच्या आत बसला की हत्ती स्वस्त होतात आणि लवकर तयार होतात. बाहेर आला की बंद. त्यामुळे पेच असा पडतो की त्याला सुरक्षित शहरात ठेवायचं, की पुढच्या चौकीत बसवून तिथूनच हत्ती काढायचे आणि धोका पत्करायचा? समोरच्यालाही आता आचार्य कुठे आहेत हे शोधावं लागतं. चंद्रगुप्त पडला तर लढाई जाते, चाणक्य पडला तर पुढची दहा मिनिटं जातात. मला हा हिरो आवडतो.

पण स्वस्त हत्ती म्हणजे प्रत्येक झाडाशेजारी हत्ती. त्यावर लगाम हवा, म्हणून चारा. खरा हत्ती दिवसाला दीडशे किलोच्या आसपास खातो. मॉडमध्ये प्रत्येक हत्तीमागे ठरावीक सेकंदांनी थोडं अन्न वजा होतं. पाचवा हत्ती घेताना हात थांबला पाहिजे, एवढीच अपेक्षा आहे.

अशोकाबद्दल मात्र आमच्यात जोरदार वाद झाला. एका मित्राची सूचना होती की ठरावीक सैनिक मारले की अशोकाचे स्तंभ खुले व्हावेत. आधी कलिंग, मग धर्म. कोडमध्ये अर्ध्या तासाचं काम, आणि खेळायला मजाही आली असती. मी नाही म्हटलं. तेराव्या शिलालेखात अशोक स्वतः सांगतो, एक लाख मारले गेले, दीड लाख हलवले गेले, आणि त्याचं त्याला दुःख आहे. तो आकडा मी पॉइंट म्हणून मोजायला लावला, तर खेळणारा स्तंभासाठी मुद्दाम माणसं मारणार. मित्र म्हणाला, "अरे, गेम आहे तो, सगळेच मारतात." मारतात, खरंय. पण या हिरोच्या बाबतीत मारण्याचं बक्षीस मला द्यायचं नव्हतं. त्याचे स्तंभ दगड आणि वेळ घेऊन उभे राहतात, बस. तो मित्र अजून मानत नाही. त्याच्या मते मी इतिहासातला अवघड भाग गाळला.

हे लेख फार लांबचे नाहीत बरं का. आपल्या नालासोपाऱ्यातच आठव्या आणि नवव्या लेखाचे तुकडे सापडलेत. विरार लोकलनं जाणाऱ्यांनी एकदा लक्षात ठेवा.

चाऱ्याचा आकडा अजून पक्का नाही. जास्त ठेवला की कोणी हत्ती घेत नाही, कमी ठेवला की नकाशावर हत्तीच हत्ती. पुढच्या रविवारी आठ जण मिळून खेळणार आहोत, चार जण मौर्य घेणार. तुम्हाला यायचं असेल तर लॅपटॉप घेऊन या, माउस मात्र स्वतःचा आणा.