पोरगी चिडते कायले? : वयात येणाऱ्या मुलींच्या आयांशी बोलणं
(डोणगाव येथील महिला मेळाव्यातील भाषण)



बचत आणि कर्जाचं आपण दर महिन्याला बोलतो. आज घरातल्या 11 ते 18 वर्षांच्या पोरींबद्दल बोलू. बैठक संपली की बाया हळूच सांगतात, "पोरगी लय चिडचिड करते, काही म्हटलं की रडते. काय झालं असंल तिले?" मग कुणी म्हणतं, बाहेरचं असंल. कुणी म्हणतं, हाताबाहेर चालली, लग्न उरकून टाका. मैत्रिणींनो, बहुतेक वेळा तिला ना नजर लागलेली असते, ना ती बिघडलेली असते. ती मोठी होत असते.

वयात येण्याची सुरुवात डोक्यातून होते. मेंदूखालची वाटाण्याएवढी ग्रंथी रक्तातून अंडाशयाला निरोप धाडते. या निरोपालाच हार्मोन म्हणतात. मग अंडाशय स्वतःचे हार्मोन सोडतं, छाती वाढू लागते, उंची झपाट्यानं वाढते आणि साधारण दोन-अडीच वर्षांनी पाळी येते. पहिली एक-दोन वर्षं पाळी मागं-पुढं होते, त्यानं घाबरू नका.

याच काळात मेंदूही बदलतो. राग, भीती, आनंद यांचा भाग आधी जोर धरतो. थांबून विचार करणारा भाग पंचविशीपर्यंत तयार होत राहतो. जोमाचे बैल जुंपलेत, पण कासरा अजून नीट हातात आलेला नाही, अशी तिची गत असते. त्यात झोप कमी, रक्त कमी, घरातली बोलणी, परीक्षेचं टेन्शन. सगळा दोष हार्मोनवर ढकलून चालत नाही, आपलं वागणंही त्यात येतं.

गडचिरोलीच्या डॉ. राणी बंग यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन खेड्यांतल्या 650 बायांची तपासणी केली. 100 पैकी 92 जणींना स्त्रीरोग निघाला, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या 100 पैकी फक्त 8. हा अभ्यास 1989 साली 'लॅन्सेट' या इंग्लंडच्या मोठ्या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आला आणि खेड्यातल्या बायांचं मुकं दुखणं जगाला कळलं. पुढं त्यांच्या 'सर्च' संस्थेनं मुलामुलींसाठी 'तारुण्यभान' शिबिरं सुरू केली. दुखणं अंगावर काढायची सवय कधी लागते? पहिल्या पाळीला "गप राहा, कोणाले सांगू नको" असं आपण म्हणतो ना, तिथूनच.

दुसरं उदाहरण आपल्या शेजारच्या मराठवाड्यातलं, पैठण तालुक्यातल्या पाचोडचं. तिथल्या आरोग्य संस्थेनं गावोगावी किशोरींसाठी वर्षभर रोज संध्याकाळी एक तासाचा वर्ग चालवला. शरीर, आरोग्य, कायदा, स्वतःचं म्हणणं मांडणं, असे विषय. शिकवणाऱ्या बाया गावातल्याच, निदान सातवीपर्यंत शिकलेल्या. तुमच्या-आमच्यासारख्याच! काही वर्षांत त्या भागात मुलींच्या लग्नाचं वय 16 वरून 17 वर सरकलं. कायद्याचं 18 अजून गाठायचं होतं, पण एक वर्ष म्हणजे शाळेचं एक वर्ष आणि बाळंतपणाआधी वाढायला मिळालेलं एक वर्ष.

मग आपण काय करायचं?

पाळी येण्याआधीच, नवव्या-दहाव्या वर्षी, पोरीला सांगा. रक्त पाहून तिला वाटायला नको की आपल्याला मोठा रोग झाला. शाळेतली लोहाची निळी गोळी आठवड्यातून एकदा घेते का, विचारा. हिमोग्लोबिन 12 च्या खाली असेल तर उपचार करा. ती चिडली की लगेच उत्तर देऊ नका. ती शांत झाल्यावर जवळ बसा, आधी ऐका.

काही गोष्टी मात्र अंगावर काढू नका. आठ वर्षांच्या आत छाती वाढू लागली, 15 पूर्ण होऊनही पाळी नाही, किंवा रक्त सात दिवसांहून जास्त जातं, तर डॉक्टरांना दाखवा. पोरगी दोन आठवडे उदास आहे, खाणं-झोप सुटली, तर तिला दवाखान्यात न्या. जीव द्यायची भाषा करते, तर 'नाटक करते' म्हणू नका, त्याच दिवशी न्या, तोवर एकटी सोडू नका. 14416 हा सरकारचा टेली-मानस फोन फुकट आहे. किशोरवयीनांसाठी सरकारी दवाखान्यात 'मैत्री क्लिनिक' असतं. आपल्या जवळ कुठं आणि कोणत्या वारी, ते आशाताईंना विचारा.

2018 ला अस्मिता योजना आली तेव्हा गटाच्या बायांनीच शाळेतल्या मुलींना पाच रुपयांत आठ पॅडचं पाकीट दिलं. पॅडवर बोलायला तेव्हा लाजलो नाही, तर पोरीच्या मनावर बोलायला का लाजायचं?

पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की पंधरा मिनिटं या विषयाला ठेवा आणि पोरींनाही बोलवा. प्रोसिडिंगमध्ये त्याची नोंद करा, म्हणजे विषय दर महिन्याला पुढं चालेल.