टाकळ्याची भाजी आणि माकडं

पेण-रोहा भागातली बरीच कातकरी कुटुंबं पावसाच्या तोंडावर वीटभट्टीवरून परततात, तेव्हा घरात फारसं काही नसतं. आम्ही दिलेल्या बियांचे भोपळ्याचे वेल वाडीत वर आले आणि माकडांनी उपटून टाकले. मी चिडलो. मावशी हसल्या, "त्यांना पण पोट आहे, दादा." (बिया वाटण्याआधी मावशींनाच विचारायला हवं होतं.) त्यांनी बांधावरचा कोवळा टाकळा खुडला, धुऊन बारीक चिरला. तेलात लसूण, हिरवी मिरची, कांदा परतून त्यावर पाला घातला. मीठ शेवटी, कारण पाला आळतो. तांदळाच्या भाकरीबरोबर आम्ही सहाजण पोटभर जेवलो. तोवर शेळीने माझी वही चघळली होती.