पन्नाशीला बदललेलं धनुष्य

(माजी विद्यार्थी मेळाव्यात १९८६ च्या दहावीच्या तुकडीतर्फे केलेलं भाषण)



समितीचा फोन आला तेव्हा सांगण्यात आलं, "तू तिकडं इंग्लंडमध्ये धनुष्यबाण चालवतेस म्हणे. त्यावर बोल. पंधरा मिनिटं." मी म्हटलं, आपल्या तुकडीत डॉक्टर आहेत, सरपंच आहेत, त्यांना बोलवा. तर उत्तर आलं, "ते दर वर्षी बोलतातच."

शाळेत माझा आणि धनुष्याचा संबंध फार थोडा. बांबूच्या कांबीला सुतळी बांधून तीरकमठा करायचा आणि खराट्याच्या काड्या मारायच्या, एवढाच. खेळ म्हणाल तर खो-खो, तोही बहुतेक वेळा राखीव खेळाडू म्हणून. तिरंदाजी सुरू झाली ती वयाच्या ३८व्या वर्षी. नोकरीनिमित्त इंग्लंडमधल्या एका लहान गावात राहत होते. तिथल्या क्लबनं नवशिक्यांसाठी सहा आठवड्यांचा वर्ग काढला होता. शनिवारी सकाळी करायला दुसरं काही नव्हतं, म्हणून गेले. ती आजपर्यंत जातेच आहे.

आज मला बोलायचंय ते एका बदलाबद्दल. अकरा वर्षं मी रिकर्व्ह धनुष्य चालवलं आणि ४९व्या वर्षी ते ठेवून लाँगबो हातात घेतला. ऐकायला ही किरकोळ गोष्ट वाटेल. पण आपण सगळे ज्या वयात आहोत, त्या वयात ती तुम्हाला थोडी ओळखीची वाटेल असा माझा अंदाज आहे.

आधी धनुष्यांची ओळख करून देते. आपल्या जिल्ह्याला हा विषय नवा नाही. २०२३ मध्ये बर्लिनला जागतिक विजेती झालेली साताऱ्याची अदिती स्वामी चालवते ते कंपाउंड धनुष्य. त्याच्या टोकांना चाकं असतात, त्यामुळे दोरी पूर्ण ओढली की हातावरचा भार एकदम कमी होतो. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिम्पिकला खेळला ते रिकर्व्ह. त्याची टोकं पुढच्या बाजूला वळलेली असतात. त्या वळणामुळे तेवढ्याच ताकदीत बाणाला जास्त वेग मिळतो. आणि तिसरा लाँगबो. सरळ, लांब, लाकडाचा. साधारण माणसाच्या उंचीचा. लहान मुलाला धनुष्य काढायला सांगितलं तर ते जसं काढेल, तसा.

आता रिकर्व्हला मदतनीस किती असतात ते ऐका. नेम धरायला साइट असते. अंतर बदललं की ती खाली-वर सरकवायची. पुढे लांब दांडे असतात, त्यांना स्टॅबिलायझर म्हणतात. ते धनुष्य डुलू देत नाहीत. क्लिकर नावाची एक पातळ पट्टी असते. बाण ठरलेल्या लांबीपर्यंत ओढला गेला की ती 'टक्' वाजते आणि मग बाण सोडायचा. म्हणजे किती ओढायचं हे पट्टी सांगते, कुठं बघायचं हे साइट सांगते. ही काही लबाडी नव्हे. प्रत्येक बाण आधीच्या बाणासारखाच सुटावा यासाठी माणसानं शोधलेल्या युक्त्या आहेत, आणि तरीही तो तसा सुटत नाही, म्हणून तर तो खेळ अवघड.

मला ते धनुष्य फार आवडायचं. मी आमच्या काउंटीच्या संघातही होते. तिथं 'नॅशनल' नावाचा एक प्रकार खेळतात. ६० यार्डांवरून ४८ बाण आणि ५० यार्डांवरून २४, एकूण ७२. लक्ष्यावर बाहेरून आत पाच रंग असतात: पांढरा, काळा, निळा, लाल आणि मध्यभागी सोनेरी. त्यांचे गुण अनुक्रमे १, ३, ५, ७ आणि ९. म्हणजे जास्तीत जास्त ६४८. माझे ४८० च्या आसपास व्हायचे. या आकड्यावर माझं फार प्रेम होतं.

मग खांदा बोलायला लागला. उजवा नाही, डावा. धनुष्य धरतो तो. दांडे, साइट वगैरे मिळून माझं रिकर्व्ह अडीच किलोच्या आसपास भरायचं. अडीच किलो म्हणजे काही फार नाही, पण ते ताठ हाताच्या टोकाशी धरून बघा, तेही दिवसातून ७२ वेळा. वर ३८ पौंडांची, म्हणजे सुमारे १७ किलोंची ओढ. ७२ बाणांचा हिशेब केला तर सव्वा टन होतो. आपल्या गणिताच्या सरांनी हे उदाहरण घातलं असतं तर मी तेव्हाच खेळ बदलला असता.

फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला दोन वाटा सांगितल्या. एक, खेळ थांबवा. दोन, हातातलं वजन आणि ओढ दोन्ही कमी करा आणि व्यायाम चालू ठेवा. पहिली वाट सोपी होती. दुसऱ्या वाटेनं जायचं तर काउंटीच्या संघातली जागा जाणार हे उघड होतं. मी महिनाभर विचार केला. त्या महिन्यात लक्षात आलं की संघाशिवाय मला करमेल, पण शनिवारच्या सकाळी मैदानाशिवाय करमणार नाही.

आमच्या क्लबात ऐंशीच्या घरातले एक आजोबा होते, लाँगबोवाले. त्यांचं धनुष्य अर्धा-पाऊण किलोचं. त्यांनी मला ३२ पौंडांचा लाँगबो वापरायला दिला आणि एकच अट घातली: नवी वही घालायची. जुन्या वहीत या धनुष्याचे गुण लिहायचे नाहीत.

ही अट का होती, ते पहिल्याच दिवशी कळलं. नॅशनलमध्ये माझे १३४ गुण झाले. ४८० वरून १३४! जुन्या वहीत तो आकडा म्हणजे नापास. नव्या वहीत ती पहिली ओळ होती, तिच्या वर काहीच नव्हतं.

लाँगबोवर साइट नसते. बाणाचं टोकच कशावर तरी ठेवायचं आणि अंतराप्रमाणे ती खूण बदलायची. २० यार्डांवरून मारताना मी टोक लक्ष्याच्या पायाशी गवतावर ठेवते. ५० वर ते लक्ष्याच्या वरच्या कडेला येतं. ६० वर मागच्या झाडाची एक विशिष्ट फांदी. पानगळ झाली की ती फांदी वेगळीच दिसते आणि मला पुन्हा शोधावी लागते. क्लिकर नाही, त्यामुळे किती ओढलं हे पाठीच्या स्नायूंना आणि हनुवटीला लागलेल्या बोटाला समजलं पाहिजे. आणि पूर्ण ओढल्यावर थांबून राहायचं नाही. लाकूड फार वेळ ताणून धरलं तर त्याचा जीव जातो. रिकर्व्हवर मी 'टक्' व्हायची वाट बघायचे. इथं ओढलं, स्थिरावलं की सोडलं. खेळून झालं की दोरी उतरवून ठेवायची, नाहीतर लाकडाला कायमचा बाक येतो.

आता बाणाचं बघा. हा एक आणलाय, हातोहात फिरवा. टोक कोणाच्या डोळ्याकडं करू नका, आणि मागच्या रांगेतल्या मंडळींनी तो कोणाला टोचू नये; तुमची ख्याती मला आठवते आहे. ब्रिटनमधल्या स्पर्धांत लाँगबोला लाकडीच बाण लागतात. बाणाच्या वाटेत धनुष्याचं लाकूड आडवं येतं. रिकर्व्हची मूठ कापून बाणाला मधून वाट दिलेली असते, इथं तशी नसते. बाण मुठीवर, म्हणजे अक्षरशः माझ्या बोटाच्या पेरावर टेकतो. मग तो सरळ जातो कसा? तर तो सरळ जातच नाही. दोरीचा धक्का बसला की तो वाकतो, धनुष्याला वळसा घालतो, दोन-तीनदा इकडंतिकडं लवतो आणि मग सरळ होतो. हे त्यानं नेमकं करावं म्हणून त्याची लवचीकता धनुष्याच्या ताकदीशी जुळावी लागते. उजव्या हातानं ओढणाऱ्याचा बाण फार ताठ असला तर डावीकडं जातो, फार मऊ असला तर उजवीकडं.

ती मोजायची रीत आपल्या विज्ञानाच्या बाईंना आवडेल. २६ इंचांवर दोन टेकू, त्यावर काडी, मधोमध दोन पौंडांचं वजन. काडी किती इंच वाकली ते मोजायचं आणि २६ ला त्या आकड्यानं भागायचं. अर्धा इंच वाकली तर उत्तर ५२. साधारण ५२ पौंडांच्या धनुष्याला ती काडी चालते. मी पन्नास काड्या घेते, प्रत्येक मोजते, वजन करते आणि त्यातून सारख्या बारा निवडते. मग घासायच्या, तेल द्यायचं, टर्कीची तीन तीन पिसं चिकटवायची. पिसाचं पुढचं टोक दोऱ्यानं गुंडाळायचं, नाहीतर सुटताना ते हात फाडतं. कार्यानुभवाच्या तासाला मी टाळलेलं सगळं काम आता सक्तीनं करते आहे.

आजोबांनीच मला पोर्ट्समथला 'मेरी रोझ' बघायला पाठवलं. आठव्या हेन्री राजाचं हे लढाऊ जहाज १५४५ मध्ये बुडालं आणि १९८२ मध्ये वर काढलं. त्यात १७२ लाँगबो सापडले. यू झाडाच्या लाकडाचे. बहुतेकांची ओढ शंभर पौंडांच्या वर असावी असा अंदाज आहे. माझा बत्तीसचा! पण मला जास्त थांबवलं ते सांगाड्यांच्या माहितीनं. त्यातल्या बऱ्याच जणांच्या खांद्याच्या हाडाचं टोक मूळ हाडाशी सांधलेलंच नव्हतं. लहानपणापासून जड धनुष्य ओढत राहिल्याचा तो परिणाम असावा, असं अभ्यासक म्हणतात. तिसऱ्या एडवर्ड राजानं १३६३ मध्ये हुकूम काढला होता की सणासुदीच्या दिवशी पुरुषांनी तिरंदाजीचाच सराव करावा. म्हणजे त्या माणसांना 'वजन कमी करा' म्हणणारं कोणी नव्हतं. मला होतं. काचेसमोर उभी असताना नकळत माझा हात डाव्या खांद्यावर गेला.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. लाँगबो म्हणजे 'खरी' तिरंदाजी आणि रिकर्व्ह म्हणजे यंत्राची, असं बोलणारे लोक भेटतात. मला ते पटत नाही. अकरा वर्षं रिकर्व्हनं मला उभं राहायला, श्वास सोडायला, पाठीनं ओढायला शिकवलं. तेच भांडवल मी लाँगबोला लावलं. आणि लाँगबो हा खांद्याचा उपायही नाही. जड लाँगबो घेतला असता तर खांदा आणखी बिघडला असता, कारण बाण सुटल्यावर त्याचा झटका हाताला चांगलाच बसतो. मला उपयोग झाला तो हलक्या वजनाचा, कमी ओढीचा आणि रोज वीस मिनिटांच्या व्यायामाचा.

मग मिळालं काय? काउंटीच्या संघातली जागा गेली, ती परत आली नाही. त्या वर्षी संघाची यादी लागली तेव्हा वाईट वाटलं, ते मी नाकारत नाही. पण नव्या वहीत १३४ नंतर १५१ आले, मग १४०, मग १९०. परवाच्या उन्हाळ्यात मी २७२ केले. जुन्या वहीत हा आकडा लाजिरवाणा आहे. नव्या वहीत तो माझा सर्वोत्तम आहे, आणि त्या दिवशी मला पहिल्या चारशेइतकाच आनंद झाला. आजोबा आता नाहीत. त्यांचा तो ३२ पौंडांचा लाँगबो त्यांच्या लेकीनं मला दिला. क्लबात नवं कोणी लाँगबोकडं वळलं की मी त्यांना तो वापरायला देते आणि तीच अट घालते.

मित्रांनो, सकाळपासून चहाच्या टेबलावर मी ऐकते आहे. कोणाचा गुडघा, कोणाची कंबर, कोणाचा आवाज. आपल्यातली गाणारी मैत्रीण म्हणाली, वरची पट्टी लागत नाही म्हणून गाणंच सोडलं. व्हॉलीबॉलचा आपला कप्तान आता मैदानाकडं फिरकतही नाही. तुम्हाला उपदेश करायचा माझा अधिकार नाही, शाळेतले माझे गुण सरांना ठाऊक आहेत. पण सोडण्याआधी एकदा विचारून बघा: खेळ सोडायचा आहे की फक्त धनुष्य बदलायचंय? बदलायचं असेल तर एक किंमत द्यावी लागते. पुन्हा पहिलीत बसावं लागतं, आणि शेजारच्या बाकावर वीस वर्षांची पोरं असतात. ती किंमत द्यायची तयारी असेल तर गाणं खालच्या पट्टीतही होतं. फक्त वही नवी घाला.

माझी वेळ संपली. सर, बाई, तुम्ही आज आलात, फार बरं वाटलं. आणि तो बाण ज्याच्याकडं असेल त्यानं कृपया पुढं पाठवावा. बारातला एक कमी झाला तर त्याच्या जोडीचा शोधायला मला पुन्हा पन्नास काड्या मोजाव्या लागतील.