बागेची रोजकीर्द

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी सोहळ्यात एका ज्येष्ठ सभासदांनी केलेले भाषण)



मला सेक्रेटरी साहेबांनी दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे 'आपली परसबाग'. मी काही शेतकरी नाही. पस्तीस वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीचशी बदलापूर ते फोर्ट लोकलमध्ये उभ्याने. त्यामुळे बागेबद्दल मी जे सांगणार ते हिशेबाच्या अंगानेच सांगणार. समजून घ्या.

इमारतीमागची बारा फूट बाय तीस फुटांची पट्टी सगळ्यांना ठाऊक आहे. २६ जुलै २००५ ला उल्हास नदीचं पाणी आलं, त्यानंतर तळमजल्यावरच्या भिजलेल्या गाद्या आणि फुगलेली प्लायवूडची कपाटं तिथे टाकली, आणि पुढे कित्येक वर्षं ती जागा अडगळच राहिली. २०२४ च्या जानेवारीत आम्ही चार-पाच रिकामटेकड्या मंडळींनी ती साफ केली. त्याच महिन्यात कमिटीसमोर दुसरा प्रस्ताव आला, की तिथे फरशी घालून दोन गाड्यांचं पार्किंग करावं. महिना सहाशे रुपये एका गाडीचे, म्हणजे वर्षाला १४,४०० रुपये. कमिटीने सांगितलं, एक उन्हाळा भाजी लावून बघा, मग बोलू.

मग मी माळ्यावरून जुनी लांब वही काढली. तारीख, भाजी, वजन, त्या दिवशीचा बाजारभाव असे रकाने आखले. आमच्या हिने शेजारी आणखी एक रकाना आखायला लावला, 'कोणाला'. मी म्हटलं, कशाला? ती म्हणाली, "बँकेत पैसे कोणी काढले ते लिहीत नव्हता का?" यावर उत्तर नव्हतं.

१५ फेब्रुवारीला पेरणी केली. भेंडी, गवार, लाल माठ, काकडी, दोडका, कारलं. वांगी, मिरची आणि टोमॅटोची रोपं आणली. पहिली जमा १६ मार्चची, लाल माठ ६५० ग्रॅम. त्या दिवशी मी घरात ज्या थाटात शिरलो त्यावर हिने अजून टोमणे मारणं सोडलेलं नाही.

वही ठेवण्याचा फायदा असा, की आपली समजूत आणि खरी गोष्ट यांतला फरक तारखेसकट कळतो. टोमॅटोचंच बघा. झाडं हिरवीगार, फुलं भरपूर, आणि मी रोज कौतुकाने सांगत होतो की यंदा टोमॅटो विकत आणायचा नाही. सगळे मिळून निघाले २ किलो १०० ग्रॅम. मागची पानं चाळली तेव्हा दिसलं, की जे फळ धरलं ते मार्चच्या मध्यापर्यंतच्या फुलांचं. दिवसा पारा पस्तिशीच्या वर आणि रात्रही गरम राहू लागली की टोमॅटोचं फूल गळून पडतं. आणि एप्रिलच्या शेवटी आपल्याकडे काय ऊन होतं ते आठवा, ठाणे जिल्ह्याला उष्णतेच्या लाटेचा इशारा होता. खतं घालून उपयोग नव्हता, तारीखच चुकली होती. टोमॅटो हे माझं बुडीत खातं.

भेंडीचं वेगळं. भेंडी एक दिवसाआड तोडावीच लागते. आम्ही भाच्याच्या लग्नाला पाच दिवस नाशिकला गेलो, आल्यावर बघतो तर वीत-वीतभर जून भेंड्या, सुरीला दाद न देणाऱ्या. गेल्या असत्या तर तेवढ्याच गेल्या असत्या, पण पुढच्या आठवड्याचा आकडाही निम्म्यावर आला. शेंग जून झाली की झाड बी भरण्यात ताकद घालवतं, नवीन फूल कमी देतं. शिवाय नर्सरीतलं पाकीट न वाचता बी आणलं होतं. चाळीसपैकी सहा झाडांना हळद्या झाला, पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या. पांढरी माशी हा रोग पसरवते, म्हणून झाडं उपटूनच टाकावी लागली. दुसऱ्या वर्षी 'परभणी क्रांती' लावली. हे वाण परभणीच्या कृषी विद्यापीठाने याच रोगाला तोंड देण्यासाठी काढलं आहे. त्या वर्षी एकच झाड गेलं.

आणि दोडका! मांडवावर वेल चढला, पिवळी फुलं लागली, पण पंधरा दिवस वहीत शून्य. दोन जणांनी सल्ला दिला की वेल वांझ आहे, काढा. वांझ नव्हता. आधी नरफुलंच येतात. मादीफुलामागे बोटाच्या पेराएवढा इवलासा दोडका असतो, तो मीही कधी बघितला नव्हता. ती आली तरी पिवळी पडून गळायची. मग लक्षात आलं, की दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं आणि मी बाग बघायला जातो सकाळी. तेव्हापासून रोज सहाच्या सुमारास नातीचा चित्रकलेचा ब्रश घेऊन नरफुलातले परागकण मादीफुलाला लावायला लागलो. गच्चीवरून मुलं विचारायची, "आजोबा, फुलं रंगवताय का?" हंगामाला ५ किलो ६०० ग्रॅम दोडके झाले. आणखी झाले असते, पण १३ मेच्या दुपारी धुळीचं वादळ आलं आणि मांडव आडवा झाला. कारल्याचं फूल मात्र सकाळी उमलतं. त्याचं काम मधमाश्या करत होत्या, मला त्रास नव्हता.

८ जूनला मी वही बंद केली, दुसऱ्या दिवशी मुंबईत मान्सून दाखल झाला. एकूण जमा ४२ किलो ६०० ग्रॅम. त्या-त्या दिवशीच्या भावाने किंमत २,७४० रुपये. खर्च बी, शेणखत, निंबोळी पेंड, बांबू-सुतळी, पाइप मिळून २,३४०. नफा ४०० रुपये. हा ताळेबंद मी सर्वसाधारण सभेत वाचून दाखवला, आणि खरं सांगतो, टाळ्यांची वाट बघत थांबलो.

मागून बी विंगमधल्या एका सुनबाईंनी विचारलं, "काका, पाणी कुठे धरलंय?"

मी वही उलटली, पालटली. पाणी कुठेच नव्हतं. आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासले आणि स्वतःच्या हिशेबात सगळ्यात मोठा खर्चच विसरलो. मे महिन्यात आपण टँकर घेतो हे मला माहीत नव्हतं असं थोडंच आहे? रोज १५ लिटरच्या आठ बादल्या, ११५ दिवस, म्हणजे १३,८०० लिटर. दहा हजार लिटरच्या टँकरला आपण २,२०० दिले होते. त्या भावाने ३,०३६ रुपये झाले. कोणी म्हणालं, सगळं पाणी काही टँकरचं नव्हतं. बरोबर आहे, पण तोटा दिसत असेल तर त्याची तरतूद आधी करायची, हे मी नव्या अधिकाऱ्यांना शिकवत होतो. दुसऱ्या दिवशी मी स्वतः नोटीस बोर्डावर लावलं: तोटा २,६३६ रुपये.

त्याच सभेत वही हातोहात फिरली होती. 'कोणाला' हा रकाना लोकांनी वजनांपेक्षा जास्त वाचला. आमच्या घरात गेली १२ किलो १०० ग्रॅम, बाकीची साडेतीस किलो बत्तीसपैकी एकवीस घरांत. पुढचं त्यांची परवानगी घेऊन सांगतो. तिसऱ्या मजल्यावरचे एक सभासद पार्किंगच्या बाजूचे, त्यामुळे ते बागेतलं काही घेत नसत. वहीत त्यांच्या आईच्या नावावर सतरा नोंदी निघाल्या. आजी नातवाच्या हातात वाटी देऊन पाठवायच्या, कधी चार मिरच्या, कधी मूठभर गवार. त्यांनी मला जिन्यात विचारलं, "आईचंही लिहून ठेवलंत?" म्हटलं, अहो, दिलं की लिहायचं, दुसरं काय करणार. ते हसले. त्यांचं मत आजही पार्किंगच्याच बाजूने आहे, आणि ज्याला रात्री दहाला येऊन गाडी रस्त्यावर लावावी लागते त्याचं हे मत चूक आहे असं मला म्हणता येत नाही.

यंदा पाण्याचा रकाना पहिल्या दिवसापासून आहे. वाफ्यांवर पालापाचोळ्याचा चार बोटं थर दिला, आठ बादल्यांच्या पाच झाल्या. त्यातल्या दोन आठ घरांतल्या पाणी शुद्ध करायच्या मशीनमधून वाया जाणाऱ्या पाण्याच्या. त्या घरांतली मुलं संध्याकाळी आणून ओततात. सोसायटीचं पाणी राहिलं रोजचं ४५ लिटर. पाऊस मात्र यंदा मे महिन्यातच सुरू झाला, मुंबईत २६ मेला मान्सूनच आला, वेली कुजल्या आणि मला २० मेलाच वही मिटावी लागली. जमा ३१ किलो २०० ग्रॅम, किंमत २,०५० रुपये. खर्च १,१२०, कारण पाइप आणि बांबू जुनेच. पाणी टँकरच्याच भावाने ९५ दिवसांचं ९४० रुपये ५० पैसे. तोटा १० रुपये ५० पैसे.

पार्किंगचा विषय सप्टेंबरच्या सभेत पुन्हा येणार आहे. दोन्ही वर्षांची वही टेबलावर ठेवीन. ज्यांना तपासायची असेल त्यांनी चष्मा घेऊन यावं, पेन्सिलीने लिहिलेले आकडे थोडे फिके झाले आहेत.

सेक्रेटरी साहेब घड्याळ दाखवताहेत.